बागेत न आलेली माणसं

निवृत्त झाल्यावर मी सकाळी बागेत फिरायला जायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर पकडली गेले. पकडली गेले हाच शब्द बरोबर आहे. मी तिसरी फेरी मारत होते, तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या एका उंच गृहस्थांनी हात वर करून मला थांबवलं.

"आपण नवीन दिसता. काय करत होता?"

"कॉलेजात शिकवत होते. संख्याशास्त्र."

"म्हणजे टक्केवारी?"

"तीही."

"मग बसा," ते म्हणाले.

हे संघाचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. पत्नी गेलेली, मुलगा बाणेरला, म्हणजे त्यांच्या मते परदेशातच. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती कुणावर चालेल याचा नेम नसे. पण बागेतल्या कुणाच्या घरी आजारपण आलं, तर डबा घेऊन पहिले तेच जात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त जीभ दिसली.

झालं होतं असं, की आमच्या भागातले एक पुढारी बागेत येऊन म्हणाले होते, "बिबवेवाडीतल्या ज्येष्ठांना काय हवंय ते सांगा, आपण करून टाकू. पण नीट सर्व्हे करून द्या. उगाच चार लोकांचं मत नको." अध्यक्षांनी ते मनावर घेतलं. स्वतः प्रश्न तयार केले, झेरॉक्स काढल्या आणि आठवडाभर बागेच्या फाटकाशी टेबल टाकून आल्यागेल्या प्रत्येकाकडून ते भरून घेतले. आता तो गठ्ठा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. "टक्केवारी काढून द्या. बाकी सगळं झालेलं आहे."

मी गठ्ठा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर वाचायला बसले. वाचताना छान वाटत होतं. जवळजवळ सगळ्यांची तब्येत ठणठणीत. जिना चढायला त्रास होतो का, जवळजवळ सगळ्यांचं उत्तर नाही. एकटेपणा जाणवतो का, नाही. बागेत ओपन जिम असावी असं वाटतं ना, हो. इतकी सुखी म्हातारी माणसं एका जागी मी कधी पाहिली नव्हती.

चहा घ्यायला मी गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी दिवसभर खिडकीत बसलेल्या असतात. दोन्ही हात गजांवर, नजर रस्त्यावर. मी इथे राहायला आल्यापासून त्यांना रोज बघत होते, पण खाली कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखी मान हलवली. मी आत आले आणि त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. त्यात त्या आजी नव्हत्या. त्या असूच शकत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना म्हटलं, "बागेत आलेल्या माणसाला चालता येतं का असं विचारलं, तर तो हो म्हणणारच. चालता येतं म्हणून तर तो बागेत आलाय."

अध्यक्ष हुशार माणूस, लगेच कळलं होतं. पण कळल्याचं चेहऱ्यावर दाखवायला ते तयार नव्हते. "म्हणजे आमची आठवडाभराची मेहनत पाण्यात."

"पाण्यात कशाला? हे बागेत येणाऱ्यांचं मत आहे. वर तसं लिहू."

"त्यांना बागेचं मत नकोय, बिबवेवाडीचं हवंय."

"मग बिबवेवाडीला विचारावं लागेल."

"सगळ्या?"

"सगळ्या नाही, थोड्यांना. पण ते थोडे कोण हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठीने ठरवायचं."

"अस्सं," अध्यक्ष म्हणाले. "संघाची कार्यकारिणी निवडतानाच तुम्ही यायला हवं होतं. आम्ही उगाच मतदान घेतलं."

आधी त्यांनी सोपा मार्ग काढून पाहिला. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न टाकला. तासाभरात अंगठ्यांचा पाऊस पडला. अध्यक्षांनी फोन माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "नावं बघा." जे पहाटे उठून फुलांची चित्रं पाठवतात, तेच सगळे होते. ज्यांना बोलायची हौस आहे ते बोलले होते. जे नेहमी गप्प असतात ते याही वेळी गप्प होते. अध्यक्षांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "बरं. काढा तुमच्या चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या काढायच्या तर आधी घरं माहीत हवीत. प्रत्येक सोसायटीत कोणत्या घरात ज्येष्ठ राहतात, ही माहिती गोळा करण्यात बरेच दिवस गेले. त्या कामात माझ्या जोडीला आल्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मागच्या गल्लीत, विहाराजवळ राहत. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, आणि संघात अध्यक्षांना तोंडावर उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

यादी पूर्ण झाली असं मी म्हणाले, तेव्हा सिस्टर त्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "आमची गल्ली नाही यात."

"तिथे सोसायटी कुठेय? बैठी घरं आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"सोसायटी नाही, म्हातारी माणसं आहेत."

अध्यक्षांनी मान खाली घातली आणि एवढंच म्हणाले, "घाला." ती गल्ली घालायला आणखी दोन दिवस लागले.

माझा हट्ट आणखी एका गोष्टीसाठी होता. लिफ्ट असलेल्या इमारती, लिफ्ट नसलेल्या इमारती आणि बैठी घरं, यांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत हव्यात. नाहीतर नशिबाने सगळ्या चिठ्ठ्या लिफ्टवाल्यांच्याच निघायच्या. "चिठ्ठ्या कशाला, सरळ दर चौथं घर घेऊ," असं कुणीतरी सुचवलं. आमच्याकडच्या इमारतींत मजल्यावर चार-चार घरं. दर चौथं घर घेतलं, तर प्रत्येक मजल्यावर तेच जिन्यालगतचं घर यायचं. हे मी बोटाने हवेत मजले काढून समजावलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाई, कॉलेजची मुलं सुटली, आम्ही सापडलो."

प्रश्नांवरूनही वाद झाला. मी म्हटलं, "ओपन जिम असावी असं आपल्याला वाटतं ना, यातला 'ना' काढा."

"का? नम्र वाटतो."

"नम्र आहे म्हणूनच. समोरच्याला नाही म्हणता येत नाही."

शेवटी 'ना' गेला, आणि जिमही गेली. त्या जागी प्रश्न आला: आपली कोणती अडचण दूर व्हावी असं वाटतं?

चिठ्ठ्या काढल्या त्या विरंगुळा केंद्रात. पत्र्याचं छप्पर, मध्ये कॅरम, भिंतीला खुर्च्या. एरवी दुपारी संघातले ज्येष्ठ तिथेच जमतात. तीन स्टीलचे डबे मी घरून नेले होते. अध्यक्षांनी स्वतः हात घालून एकेक चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली. लिफ्ट नसलेल्यांच्या डब्यातली एक चिठ्ठी त्यांनी उघडली, वाचली, आणि काही न बोलता परत घडी घालायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे घर बंद असतं. दुसरी काढतो."

सिस्टरनी त्यांच्या हातातून चिठ्ठी घेऊन पाहिली. "बंद कुठे असतं? वहिनी असतात की तिथे."

मग हळूहळू मला कळलं. ते घर एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचं होतं. नोकरीभर स्वारगेट डेपोतून त्यांनी घाटातल्या गाड्या चालवल्या. केंद्रातल्या कॅरमवर ते अध्यक्षांचे कायमचे जोडीदार. दोघं समोरासमोर बसले की बाकीच्यांनी खेळायची आशा सोडायची. मग एक दिवस ते यायचे बंद झाले. सांगलीला मुलीकडे राहायला गेले, असं त्यांच्या पत्नीने सांगितलं.

"सांगून जायची पद्धत असते," अध्यक्ष म्हणाले. "फोनही उचलत नाही. ठीक आहे. सांगलीला चांगले खेळाडू मिळाले असतील." चेष्टा होती, पण आवाज तसा नव्हता. त्यांनी ती चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवली आणि पुढची काढली.

समोरच्या खिडकीतल्या आजींची चिठ्ठी निघाली नाही. मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्याच नाहीत. क्षणभर मनात आलं, एक घर वाढवलं तर कुणाचं काय बिघडतं? पण मग ती माझी निवड झाली असती. माझी दया ज्यांच्यापर्यंत पोचते, तेवढीच माणसं त्यात आली असती, आणि जे माझ्या खिडकीतून दिसत नाहीत ते पुन्हा राहिले असते. मी घर वाढवलं नाही. हे वर्गात शिकवणं सोपं होतं.

मग सिस्टर आणि मी घरं फिरायला लागलो. मला वाटायचं, मी प्रश्न विचारीन, माणसं उत्तरं देतील. तसं होत नाही. पहिल्याच काही घरांत एका आजींना आम्ही प्रश्न विचारले, तर उत्तरं त्यांचा मुलगा देत होता. भला माणूस होता. आम्हाला पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं.

"आजी, तुम्ही खाली जाता का?"

"तिला कशाला जायला लागतंय? सगळं घरपोच येतं," मुलगा म्हणाला.

"आजी, काही त्रास?"

"काही नाही. आमच्याकडे तिला काही कमी नाही."

आजी हसून मान डोलवत होत्या. मी तेच लिहायला लागले, तेवढ्यात सिस्टरनी पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. "साहेब, बीपी बघताना गर्दी नको. आकडा वर जातो." मुलगा लगेच उठून बाहेर गेला. सिस्टरनी आजींच्या दंडाला पट्टा बांधला आणि हळूच म्हणाल्या, "आता सांगा."

आजींनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा आहे. त्याला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. मला भाजी घ्यायला जावंसं वाटतं गं. हाताने निवडून. जिना उतरेन मी. चढायची भीती वाटते. मध्ये दम लागला तर धरायला काही नाही."

त्यानंतर प्रत्येक घरी पहिल्यांदा बीपी, मग प्रश्न.

ड्रायव्हरसाहेबांच्या घरी आम्ही सकाळी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या पत्नीने लोखंडी जाळीचं दार न उघडताच सांगितलं, "हे नाहीत. सांगलीला असतात."

"आम्हाला तुमच्याशी बोललं तरी चालेल."

"मला वेळ नाही हो. शेजारी विचारा, त्या मोकळ्याच असतात."

शेजारचं दार सताड उघडं होतं आणि त्यातल्या काकू आधीच म्हणत होत्या, "या की! चहा टाकते."

चहा घेऊन उतरताना सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, यांनाच घेऊ या का त्यांच्या जागी? एकच भिंत आहे मध्ये."

मी जिन्यात थांबले. दम मलाही लागला होता. "सिस्टर, जे दार चटकन उघडतं आणि जे उघडत नाही, त्यांच्या आतलं सारखं असेल का? प्रत्येक बंद दाराच्या जागी उघडं दार घेत गेलो, तर फिरून बागेतच येऊ आपण."

"मग?"

"परत यायचं."

दुसऱ्या वेळी दुपारी गेलो. त्यांच्या पत्नीने दार जरासं उघडलं, आणि त्याच वेळी आत भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. पाठोपाठ पुरुषाचा आवाज आला, "अगं, सांडलं सगळं. फडकं आण."

त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. डोळे मात्र भरून आले. सिस्टरनी जाळीतून त्यांच्या बोटांवर हात ठेवला. "वहिनी, आम्ही काही विचारत नाही. तुम्ही आत जा. उद्या येऊ का?"

"कुणाला सांगणार नाही ना?"

"आमच्या कागदावर नाव नसतं," मी म्हटलं. "आणि तोंडून कुणाचं निघत नाही."

तिसऱ्या वेळी त्यांनी आम्हाला आत घेतलं. ड्रायव्हरसाहेब आरामखुर्चीत बसले होते. भारदस्त माणूस, रुंद खांदे, दाट पांढऱ्या मिशा. मांडीवर टॉवेल पसरलेला आणि दोन्ही हात टॉवेलखाली.

"या. चौकशी समिती," ते म्हणाले. "तीन-तीन खेपा घालताय. माझ्यात एवढं काय आहे? बागेत ढीगभर म्हातारे फिरतात, त्यांना विचारा."

"त्यांना विचारून झालं. आता तुमच्या घराची चिठ्ठी निघालीय."

"मग दुसरी काढायची."

"तसं करता येत नाही. तुमच्याऐवजी दुसरं कुणी चालत नाही."

मी हे अगदी नियम सांगावा तसं सांगितलं होतं. त्यांच्यावर त्याचा असा परिणाम होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघितलं. तिकडेच बघत म्हणाले, "एसटीत मी रजेवर गेलो की दुसरा गाडी काढायचा. कधी अडलं नाही. मी हा असा घरात बसलो, तेव्हाही कुणाचं अडलं नाही. आणि तुम्ही म्हणता दुसरा चालत नाही."

ते हसले, आणि हसताना टॉवेल सरकला. हात थरथरत होते. एक हात दुसऱ्याला धरून थांबवायला बघत होता आणि दोन्ही मिळून जास्तच हलत होते. त्यांनी ते पुन्हा झाकले नाहीत. "कंपवात म्हणतात. लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. पण त्यांना कागदापलीकडचं सांगायचं होतं. सुरुवात कॅरमवरच झाली होती. स्ट्रायकर हातातून सुटायचा, सोंगटी भलतीकडे जायची. "एकदा आमचे अध्यक्ष म्हणाले, काय ड्रायव्हर, आज गिअर पडत नाही वाटतं? सगळे हसले. मीही हसलो. त्याचा स्वभावच तसा, त्याच्या मनात काही नव्हतं. पण बाई, आयुष्यभर ह्या हातांवर विश्वास ठेवून माणसं माझ्या मागे झोपून जायची. घाटात. त्या दिवशी घरी आलो, आणि हिला म्हटलं, कुणी विचारलं तर सांगलीला गेलो म्हण."

"कोणती अडचण दूर व्हावी असं वाटतं?" मी शेवटचा प्रश्न विचारला.

त्यांनी विचार केला नाही. उत्तर तयार होतं. "जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा. उतरताना माझा उजवा हात त्यातल्या त्यात बरा, आणि कठडा डावीकडे."

हेच उत्तर, वेगवेगळ्या शब्दांत, आम्हाला बऱ्याच घरांतून मिळालं होतं. जिन्याला कठडा, मध्ये टेकायला जागा, आणि दुपारी कुणीतरी येऊन बोलावं. ओपन जिमचं नाव काहींनी घेतलं, नाही असं नाही. बैठ्या घरांची अडचण निराळीच होती, गल्लीतल्या उखडलेल्या फरशांची. मी सगळं लिहून काढलं. काही दारं शेवटपर्यंत उघडली नाहीत, ती कोणत्या प्रकारच्या घरांची होती आणि त्यांच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही, हेही लिहिलं.

अध्यक्षांनी विरंगुळा केंद्रात बसून ते दोनदा वाचलं. "लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यांवरची इतकी माणसं कित्येक महिन्यांत खाली उतरली नाहीत? कोण लोक आहेत हे?"

"ते सांगता येणार नाही."

"माझ्या ओळखीचं कुणी?"

"सांगता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मी कॅरमच्या सोंगट्या लावत बसले. मला त्या क्षणी त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. मित्र दोन इमारतींपलीकडे बसलाय आणि हा माणूस त्याच्यावर रुसून बसलाय, हे बघवत नव्हतं. पण शब्द दिला होता. मी एवढंच केलं, की पुन्हा एकदा ड्रायव्हरसाहेबांकडे गेले आणि अध्यक्ष तुमची आठवण कशी काढतात ते सांगितलं. सांगलीच्या खेळाडूंचंही सांगितलं. ते ऐकून ते हसले नाहीत. "रागावलाय का तो?" एवढंच विचारलं.

"दुखावलेत."

काही दिवसांनी सकाळी आम्ही बागेत बसलो असताना ड्रायव्हरसाहेबांच्या पत्नी बाकापाशी आल्या. "भाऊजी, यांनी तुम्हाला बोलावलंय."

"कुठे, सांगलीला?" अध्यक्ष म्हणाले.

"नाही. घरी. ते घरीच असतात."

अध्यक्ष उठले. परत बसले. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला बरोबर." त्यांच्या आवाजात इतकी अजिजी मी तोवर ऐकली नव्हती.

तीन जिने चढून आम्ही वर गेलो. दार उघडंच होतं. ड्रायव्हरसाहेब त्याच खुर्चीत होते, पण मांडीवर टॉवेल नव्हता. अध्यक्षांनी त्यांचे हात पाहिले आणि दारातच थांबले. मला त्यांच्या जिभेची भीती वाटत होती. ती चालली नाही. ते समोरच्या स्टुलावर बसले.

"मला वाटलं, माझा काही राग आला," ते म्हणाले.

"आला होता थोडा. गिअर पडत नाही म्हणालास."

"मी? कधी?"

"म्हणालास."

"मला आठवत नाही रे."

"मला आठवतं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. अध्यक्ष आपल्याच तळहातांकडे बघत होते. "चुकलं माझं," ते म्हणाले.

चहा आला. ड्रायव्हरसाहेबांचा कप अर्धाच भरला होता, तरी उचलल्यावर बशीत सांडायला लागला. अध्यक्षांनी स्टूल जवळ ओढलं, कपाला खालून हात लावला, आणि तो धरून ठेवून स्वारगेटच्या ट्रॅफिकविषयी तावातावाने बोलायला लागले, जणू कप धरणं हे त्या बोलण्याचाच भाग आहे. चहा संपेपर्यंत ट्रॅफिक संपलं नाही. मी माझा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला पोहे खाऊन जायचा आग्रह करत होत्या.

पुढाऱ्यांनी आमचा अहवाल घेतला, संघाचं कौतुक केलं आणि बागेत ओपन जिम बसवली. ती दिसते. कठडा कुणाला दिसत नाही. पहिल्या दिवशी फोटो निघाले, त्यात अध्यक्ष आहेत आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा आहे. पण आम्हाला आता घरं माहीत झाली होती. संघातली माणसं दोघा-दोघांनी दुपारी घरी जायला लागली. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नव्हत्या त्यांच्याकडेही. सर्वेक्षण संपलं होतं, आता निवड करायला मला मोकळीक होती. समोरच्या आजींकडे मी स्वतः गेले. त्यांना ऐकू येत नाही हे तेव्हा कळलं. आम्ही दोघी खिडकीत बसतो आणि रस्ता बघतो.

कठड्यासाठी सिस्टर आणि मी सोसायट्यांच्या मागे लागलो. काहींनी लावला, काही अजून चर्चा करताहेत. ड्रायव्हरसाहेबांच्या सोसायटीत जिना अरुंद होईल म्हणून विरोध झाला. अध्यक्ष त्या सोसायटीचे सभासद नसताना सभेत जाऊन बसले. "आपण कोण?" असं विचारल्यावर म्हणाले, "मी पाहुणा. सांगलीहून आलोय." कठडा लागला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब खाली उतरले. उजवा हात कठड्यावर, डावीकडे वहिनी, पुढे सिस्टर उलट्या पावली. मी मागे होते, नुसतीच. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. ते बसले, घाम पुसला, आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिले. पहिल्या मजल्यावरची एक मुलगी नवीन गाडी मागे घेत होती आणि खांबाशी अडखळत होती. ड्रायव्हरसाहेबांनी आवाज टाकला, "डावीकडे घे. अजून. अजून येऊ दे. येऊ दे, घाबरू नको. बस!"

मुलीने काच खाली करून थँक्यू अंकल म्हटलं. त्यांनी थरथरता हात वर केला आणि तो बराच वेळ तसाच वर राहू दिला.